टाकीच्या तोंडाशी

गस्ती बोटीवर माझं पोस्टिंग झालं, तेव्हा विंचूरला सगळ्यांना वाटलं, पोरगा आता तोफ चालवणार. माझ्या वाट्याला आली पिण्याच्या पाण्याची टाकी. कांद्याच्या गावचा गडी समुद्रावर जाऊन नळ धुतो, यावर घरचे अजून हसतात. मला हसू येत नाही.

त्या आठवड्यात बोटीवरच्या निम्म्या लोकांची पोटं बिघडली. दोष पाण्यात निघाला आणि गस्तीवर तर लगेच निघायचं होतं. आमचे वरिष्ठ, पेटी ऑफिसर नायर यांचा हुकूम आला. टाकी रिकामी करा, आतून घासा, मग क्लोरीनचं पाणी भरा आणि प्रत्येक नळाला त्याचा वास येईपर्यंत सोडा. आत उतरला दत्ता गायकर. इगतपुरीचा, वडील रेल्वेत गँगमन. त्याच्या कमरेचा दोर धरून मी टाकीच्या तोंडाशी.

बंद लोखंडी टाकीत गंज हवेतला प्राणवायू खातो. वास येत नाही, कळतही नाही. म्हणून ब्लोअरने हवा सोडायची आणि आतल्या माणसाने सतत बोलत राहायचं, असा नियम. दत्ताला बोलायला सुचायचं नाही, मग तो स्टेशनं म्हणायचा. घोटी, पाडळी, असवली, लहवित, देवळाली. नाशिकरोड आलं की उलटा परत. माझा जीव त्या नावांत अडकलेला असायचा.

"लय उकडतंय," तो आतून म्हणाला.

"बाहेर ये मग."

"एवढा कोपरा राहिलाय. घोटी. पाडळी."

तेवढ्यात धक्क्यावरची वीज गेली आणि ब्लोअर थांबला.

"दत्ता, वर ये. आत्ता."

"असवली," तो म्हणाला. पुढे काही नाही.

मी दोर ओढला. दोर कुठेतरी अडकला होता. मी आत पाय टाकला, तोच नायर यांनी मागून माझा कमरेचा पट्टा धरला.

"कोई अंदर नहीं जाएगा. एक के दो हो जाएंगे."

मी त्यांना शिव्या दिल्या. ते बरोबर होते. त्यांनी एका हाताने मला धरून दुसऱ्याने वॉकीटॉकी उचलला.

"कंट्रोल, टँक टीम. एक आदमी बेहोश. ब्रीदिंग सेट भेजो. ओव्हर."

"टँक टीम, भेज रहे हैं. आउट."

श्वासाचा सेट आला, तो लावून एक माणूस उतरला, दत्ताला वर काढलं. धक्क्यावर बराच वेळ छाती दाबली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी उरलेला कोपरा मीच मागून घेतला. आत उतरून घासला. क्लोरीन भरलं, सगळे नळ सोडले, रात्रभर ठेवलं, धुऊन काढलं. पाणी तपासणीत पास झालं आणि आम्ही निघालो.

सुटीत इगतपुरीला गेलो. दत्ताच्या वडिलांनी विचारलं,

"मंग ती टाकी झाली का साफ?"

"झाली, बाबा."

"परत कोनाचं पोट दुखलं?"

"नाही. एकाचंही नाही."

त्यांनी आत दत्ताच्या आईला आवाज दिला, "ऐकलं का गं? पानी चांगलं झालं म्हने."