बैलाचं गाणं

वरातीत ते गाणं लागलं की मी पानटपरीकडं वळतो. पान मी खात नाही, तरी वळतो.

आमच्या तांड्यातला पहिला बी.ए. मी. हे मी कुणालाही सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पण ते गाणं आमच्या घरातून निघालं, हे मी कॉलेजात तीन वर्षं कुणाला कळू दिलं नाही.

एके काळी हिंगोलीपासून पार उमरखेडपर्यंत वरात म्हटली की ते गाणं ठरलेलं. आधी की-बोर्डवर घुंगरं, मग एका पोरीचा चिरका गळा, मग ढोल. नवरदेवाचे दोस्त डोक्याला बोटं लावून शिंगं करायचे आणि एकमेकांना ढुशा द्यायचे. तो गळा माझ्या थोरल्या बहिणीचा. तिनं ते नाचण्यासाठी म्हटलंच नव्हतं. बापाच्या गळ्यात पडून, रडत म्हटलं होतं.

आमच्यात पोरगी सासरी निघाली की ढावलो म्हणते. एकेका नातेवाइकाला मिठी मारायची आणि मनात असेल ते सुरात रडून सांगायचं. म्हाताऱ्या बायका आधीपासून चाल शिकवतात, शब्द मात्र पोरीचे. एरवी जी बापापुढं मान वर करत नाही, ती त्या दिवशी त्याला बोल लावू शकते. ऐकणाऱ्यानं ऐकायचं आणि तिथंच सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यातला शब्द कुणी काढत नाही, अशी रीत.

त्या साली पाऊस नव्हता. कडबा संपला तेव्हा याडीनं, म्हणजे आईनं, छपराचं गवत उपसून बैलांपुढं टाकलं. तेही संपल्यावर बा एक बैल बाजारात विकून आला. रिकामं दावं खुंटीला अडकवलं आणि जेवला नाही. सकाळी उठून तो पायी गेला, घेणाऱ्याचे पाय धरले आणि बैल परत घेऊन आला. तांड्यानं त्याला डोक्यावर घेतलं. माणसाला जीव असावा तर असा, असं जो तो म्हणायचा.

त्याच उन्हाळ्यात त्यानं बहिणीचं लग्न लावून दिलं. नवरा बिजवर, गाव कर्नाटकात, आमच्यापैकी कुणी न पाहिलेलं. ती नको म्हणाली होती. घरात खाणारं एक तोंड कमी होणार होतं. मी आश्रमशाळेतून लग्नापुरता आलो होतो. कमी होणारं तोंड माझं नव्हतं, म्हणून मी शिकलो.

निघताना ती बाच्या गळ्यात पडली. आमच्या बोलीत म्हणाली, त्याचं मराठी असं होईल:

बैलासाठी माघारी गेलास, बा,
माझ्यासाठी येशील का?
बैल तर मुका होता, बा,
मी तोंडानं बोलले होते.

बानं फेट्याचा शेव तोंडावर ओढला. बायका रडल्या. मग तिला जीपमध्ये बसवलं.

रीतीप्रमाणं ते तिथंच संपायला हवं होतं. पण माझा आतेभाऊ वारंगा फाट्याच्या बँडात की-बोर्ड वाजवायचा, आणि त्यानं लग्नात टेपरेकॉर्डर आणला होता. तांड्यात टेप आला म्हणजे केवढा मान! याडीनंच गर्दी बाजूला सारली, "सरका ग, आवाज बराबर येऊ द्या," म्हणाली. जे विसरायचं असतं ते भरून ठेवू नये, हे आमच्यातल्या एकाही म्हाताऱ्याला सुचलं नाही.

वर्षभरानं आतेभाऊ पेढे घेऊन आला. त्यानं चाल पळती केली होती, ढोल घातला होता, आणि नांदेडहून कॅसेट काढली होती.

"मामा, पोरगी फेमस झाली तुमची! काळी-पिवळीत, हाटेलात, जिथं जावं तिथं वाजून राहिलं."

"ती काय म्हणाली ते ऐकलं का रे तू?"

"चाल ऐकली, मामा. शब्दाकडं कोण बघते?"

बानं पेढा हातात घेतला. तो तसाच हातात राहिला.

लोक शब्दाकडं बघत होते. आमची बोली आसपासच्या गावांना कळायची, आणि गाण्यातला बा कोण हेही. मी हिंगोलीला कॉलेजात असताना एकदा बाबरोबर फाट्यावर चहाला थांबलो. आतून एकानं हाक मारली, "या, या! बैल कसा हाय?"

"बरा हाय," बा म्हणाला.

"अन् पोरगी? आणली का?"

दुसरा म्हणाला, "दावणीला जागा नसंल रे. एक बांधलं की दुसरं कुठं बांधावं?"

सगळे हसले. बानं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला, कारण अर्धा टाकून उठला असता तर ते आणखी हसले असते. मी पुस्तकांची पिशवी मांडीवर धरून खाली बघत बसलो. बापाची लाज वाटत होती, आणि अशी लाज वाटते याचीही वाटत होती.

गाणं सासरीही पोचलं. आपल्या घराची अब्रू बाजारात गेली म्हणून त्यांनी तिला सणालाही धाडणं बंद केलं. तिकडं ऊसतोडीला गेलेल्या टोळीनं निरोप आणला की पोरगी वाळली आहे, सासू हात उचलते.

याडी म्हणाली, "जावा, आणा तिला."

"आता गेलो तर लोक म्हणतील, गाण्यानं धाडला."

"म्हणू द्या."

"हे गाणं वाजलं नसतं तर मी कवाच गेलो असतो."

"वाजायच्या आधी काहून न्हाई गेले?"

बा उठून गोठ्यात गेला.

शेवटी याडीच निघाली. तिला पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून मी बरोबर गेलो. बहिणीनं दारातच पाणी दिलं आणि आमच्या मागं, रस्त्याकडं बघितलं.

"बा न्हाई आला?"

"मी आले न्हवं, बाई? चल घरी."

"तू मला कुठं घालवलं होतं, याडी? घालवलं त्यानं. त्यानं न्यावं. दुसऱ्या कुणासंगं मी येत न्हाई."

मी बरंच बोललो. कायदा, हक्क, जे जे शिकलो होतो ते सगळं. ती शांतपणे ऐकत होती. "भिया, चांगलं बोलतो तू," म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

परतीची बस फाट्यावर थांबली तेव्हा बा उभा होता. आम्ही दोघं उतरलो, तरी तो दाराकडं बघत राहिला. याडीनं त्याला जसं घडलं तसं सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या साली जातो. तवर हे गाणं जुनं होईल."

पुढच्या साली गाण्याची दुसरी कॅसेट निघाली, तिच्यात बैलाचं हंबरणंही घातलेलं. बा गेला नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. आता मला नोकरी आहे, याडी वाट शिकली आहे, दिवाळीनंतर ती एकटीच लेकीला भेटून येते. आल्यावर ती बाला काही सांगत नाही, आणि तोही विचारत नाही. पण ती यायची असते त्या दिवशी तो फाट्यावर जातो, आणि बसमधली सगळी माणसं उतरून होईपर्यंत याडीच्या हातातलं गाठोडं घेत नाही.