पांगाऱ्याची काठी

आमचं शेवटचं भांडण झाडावरून झालं. रविवारी सकाळी, मुलुंडच्या एका नर्सरीत.

सोसायटीवाले आमच्या खिडकीखालच्या मातीवर लादी टाकणार होते. मी तंडलो तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, "काका, एक आळं सोडतो. पण सोमवारी मिस्त्री येईल तेव्हा त्यात झाड पाहिजे. नसलं तर बुजवणार."

बायकोला थंडीत फुलणारं झाड हवं होतं. आपल्याकडची थंडी ती काय, पण त्या दिवसांत खिडकीबाहेर नुसती धूळ. कोरांटी बघितली, कुंद बघितला. "एवढीशी झुडपं. पहिल्या मजल्यावरनं मला काय दिसणार?" गुडघ्यांमुळे ती फारशी खाली उतरत नव्हती. मग तिने पांगारा धरला. एक पान नाही, अंगभर काटे.

"हाच. गावी कुंपणाला होता ना, तसला. थंडी सरता सरता लालभडक होतो."

"ही काठी? लोक म्हणतील म्हाताऱ्याने मेलेलं झाड आणलं. तगर घे. बारा महिने हिरवी."

"बारा महिने तेच तेच बघायला तुम्ही आहात की."

नर्सरीवाला हसला. माझं डोकं फिरलं. तसाच बाहेर पडलो. ती मागून आली. रिक्षात बाहेर बघत बसली. जिन्यात दोनदा थांबली. मला वाटलं, रुसलीय.

घरात आल्यावर म्हणाली, "संध्याकाळी परत जाऊ. तुमची तगरच आणू."

जेवताना तिने छातीवर हात ठेवला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी अग्नी दिला.

सकाळी खाली मिस्त्रीची घमेली वाजली. नर्सरी दहाला उघडते. मी कोयता घेतला. मुलगी दारात आडवी आली.

"बाबा, सुतकात झाड लावतात का?"

"मिस्त्री सुतक फिटेपर्यंत थांबणार आहे का?"

नाल्याकडेच्या पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी तोडली. हातात काटे रुतले. गावी अशाच फांद्या रोवायचो, पण पावसाच्या तोंडावर. आता धरेल की नाही, सांगता येत नाही. आळ्यात रोवली, पायाने माती दाबली.

मिस्त्री म्हणाला, "काका, ही तर काठी आहे."

"झाड आहे. लादी लांब ठेव."

दोन बादल्या पाणी घातलं आणि त्याचं काम उरकेपर्यंत तिथेच बसून राहिलो.