डब्यावर डांबराच्या गोळ्या

इंटरनेटच्या डब्यावर डांबराच्या गोळ्या ठेवणारी बाई अख्ख्या सिल्वासात मी एकटीच असेन. मुलाकडच्या नाती हसतात. हसू देत, मीही तेव्हाच्या त्या बाईला हसते.

नव्वदचं दशक सरत आलेलं. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली आणि ह्यांनी तो काळा डबा आणला. टीव्हीला नि फोनला जोडला, की तो शिट्या मारत मुंबईच्या कंपनीला फोन लावी आणि पडद्यावर तिचं पत्र उमटे. इथल्या कोथिंबिरीला वासच नाही, असलं काहीबाही. मी एकेक चारदा वाची. कागदावर उतरवून मात्र घेतलं नाही. डब्यात आहेत की, जातायत कुठे!

मग ती तिकडेच तापाने गेली. पुढे कंपनीनेही गाशा गुंडाळला. डबा फोन लावी, पलीकडे कुणी उचलत नसे. मी तो तिच्या परकरात गुंडाळून कपाटात ठेवला. पत्रांना कसर लागू नये म्हणून वर गोळ्या.

ह्यांच्या कारखान्यात पुण्याचा एक इंजिनीयर होता. त्याला असली बंद पडलेली यंत्रं जागी करायचा नाद. दर रविवारी हे दोघे गावातच, आमलीतल्या त्याच्या खोलीवर बसत. तिथे एक जुना कॉम्प्युटर फोनला जोडून त्याला कंपनीचं सोंग घ्यायला शिकवत होते. माझ्या लेखी ते हरवलेली किल्ली घडवत होते. मी मुठिये तळून पाठवी.

शेवटी डबा पुन्हा टीव्हीला लागला. मी ठेवणीतली साडी नेसून बसले, बावळट. शिट्या झाल्या, पडद्यावर पत्रांची पेटी उघडली. रिकामी.

"अहो, तळाशी बघा ना."

ह्यांनी मान वर केली नाही. "पत्रं डब्यात नव्हतीच गं. कंपनीच्या मशीनवर होती. ती केव्हाच पुसली त्यांनी."

"ठाऊक होतं, तर मग इतके रविवार कशाला?"

"तू गोळ्या बदलायचीस. सांगवेना मला."

तेवढ्यात पडद्यावर एक पत्र आलं. आमलीहून. काकू, पोचलं का? चहा टाका, निघालोच.

मी उठून आलं किसलं. तो आला, आनंदाने नुसता नाचत होता. त्याला काय सांगणार? दोन कप प्याला. तो गेल्यावर मी डबा परकरात गुंडाळला. गोळ्या हातात घेतल्या, आणि कुठे ठेवाव्यात ते कळेना.