निमकर सरांचा देवमासा

निमकर सर समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसत. उजव्या हाताचं बोट वर जायचं आणि म्हणायचे, "एक दुरुस्ती." मग समोर कोणी का असेना. पोस्टमन असो, भटजी असो, नाहीतर मी, त्यांचा व्याही.

माझा किशोर आणि त्यांची वैशाली, यांच्या लग्नात मी चांगल्या मनाने म्हटलं, "सर, एकदा हर्णैला या. नशीब असेल तर देवमासा दाखवतो." बोट वर गेलं. "एक दुरुस्ती, तांडेल. देवमासा हा मासा नव्हे. तो पिलांना दूध पाजतो." भर मांडवात! पन्नास माणसं हसली. मी तिसरी शिकलेला माणूस, पण होडीचा मुख्य म्हणून, तांडेल म्हणून, चाळीस वर्षं दर्यावर काढलेली. आणि हा साताऱ्याकडचा भूगोलाचा मास्तर, ज्याने समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून! तो मला शिकवणार?

तेव्हापासून माझा त्यांच्यावर राग. पुढे तो कमी व्हायला हवा होता, तर वाढला. सर गेले, मागोमाग विहीणबाई गेल्या. आता वाईट वाटून घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून हे लिहितो.

दोन हजार तीन साली किशोरने आम्हां दोघांना एकदमच कॅलिफोर्नियाला बोलावलं. माझी बायको आधीच गेलेली, विहीणबाईंचे गुडघे दुखरे. तेव्हा फ्रीमाँटच्या त्या घरात एका खोलीत दोन म्हातारे. सरांनी पहिल्याच दिवशी भिंतीला नकाशा चिकटवला. मी मासे तळायला घेतले की ते घरभर खिडक्या उघडत फिरायचे. मी म्हणायचो, "एवढा कसला वास आला हो तुम्हाला?" "एक दुरुस्ती. वास फुलाला असतो. ही दुर्गंधी." आणि वैशाली हसायची, "अप्पा, पुरे ना! बाबा, तुम्ही इग्नोर करा हो त्यांना."

इग्नोर कसं करणार? संध्याकाळी किशोर-वैशाली कामावरून परत यायच्या आत बोलायला दुसरं होतं कोण? मग हाच मास्तर माझ्यासमोर बसून विचारायचा, "हं, तांडेल. तुमचा तो हर्णैचा देवमासा. पुन्हा सांगा."

मी सांगायचो. मी पंधरा-सोळा वर्षांचा, बापाच्या होडीवर. वीस वाव खोल पाणी. वारा पडलेला. एकाएकी होडीच्या शेजारी पाणी फुगलं आणि काळा खडक वर यावा तसा तो आला. डोक्यावर शिंपले चिकटलेले. श्वास सोडला तो अंगावर आला, भिजलेल्या सुकटीसारखा. आणि डोळा. म्हशीचा असतो तसा, शांत. त्याने आमच्याकडे पाहिलं. माझ्या बापाने डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. तो गेला.

सर ऐकताना एकदाही बोट वर करत नसत. नुसतं विचारायचे, "डोळा कोणत्या बाजूला? डावा की उजवा? पापणी हलली?" चौथ्यांदा ऐकल्यावर त्यांनी मला त्यांचं सांगितलं. चौतीस वर्षं ते फळ्यावर देवमासा काढत आले. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही पाहिलाय का?" ते म्हणाले, "नाही." वर्ग हसला.

"खोटं सांगितलं असतं तर हसला नसता," मी म्हटलं.

"वर्गात खोटं बोलत नाहीत, तांडेल," ते म्हणाले. अशा आवाजात, की जसा मीच वर्गातला मुलगा.

सकाळी आम्ही फिरायला जायचो. रस्ता चढाचा. सर दर वीस पावलांवर थांबायचे आणि मला झाडांची नावं सांगायचे. मला वाटलं, मास्तरकीची खाज. मग एक दिवस ज्या झाडाचं नाव सांगत होते ते कालच सांगून झालं होतं. मी वळून पाहिलं. चेहरा राखेसारखा, आणि माणूस जिभेखाली गोळी सरकवत होता.

"हे काय?"

"काही नाही."

"मास्तर, मी चाळीस वर्षं खलाशी सांभाळलेत. काय ते सांगा."

साताऱ्याच्या डॉक्टरने विमानात बसू नका म्हणून सांगितलं होतं. हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या. घरी कोणाला पत्ता नाही, विहीणबाईंनासुद्धा नाही. "वैशालीने बोटीची तिकिटं काढलीत. तीन आठवड्यांनी. देवमासा बघतो आणि त्याच संध्याकाळी मी स्वतः तिला सांगतो. आधी कळलं तर ती मला पहिल्या विमानाने परत पाठवेल. तांडेल, शब्द द्या."

आणि मी दिला. मूर्खासारखा दिला. त्यांच्या हातावर हात ठेवून दिला. जन्मात पहिल्यांदा हा मनुष्य माझ्याकडे काही मागत होता, ते मला आवडलं. खरं आहे ते लिहितो.

तीन आठवडे मी त्या घरात चोरासारखा वागलो. जेवताना त्यांचा घास थांबला की माझा थांबायचा. रात्री ते कुशीवर वळले की मी जागा. वैशाली कौतुकाने म्हणायची, "काय हो बाबा, तुमची आणि अप्पांची दोस्ती झाली!" मी ताटात बघायचो.

बोट मॉस लँडिंगच्या बंदरातून सुटायची. लहान बोट, दहा-बारा माणसांची. वैशाली गाडीत चार वेळा सांगून चुकली होती, "मोठ्या बोटीत क्राउड असतो ना, म्हणून मी स्मॉल ग्रुप घेतला." बंदरात उतरलो, मासळीचा वास आला, जाळी दिसली, आणि मला किती महिन्यांनी नीट श्वास घेतल्यासारखं झालं. बोटीच्या कडेला आल्यावर मी बूट काढले. होडीवर पायतण घालून आम्ही चढत नाही. बाप चढला नाही, मी चढलो नाही.

तिथली मदतनीस पोरगी ओरडली. किशोर कानात म्हणाला, "बाबा प्लीज, इथे शूज अलाउड आहेत. म्हणजे शूज घालायलाच लागतात. स्लिप व्हाल."

"मी? होडीवर स्लिप होईन?"

सरांचं बोट वर. "एक दुरुस्ती, तांडेल. ही तुमची होडी नव्हे."

"होडी कोणाची का असेना, होडी ती होडी."

मागे लोक खोळंबले. एक कॅमेरेवाला गोरा घड्याळ बघायला लागला. मी बूट हातात धरून उभा. मग चाकाजवळचा कप्तान पुढे आला. माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, मनगटं दोरखंडाने घासलेली. त्याने माझे पाय पाहिले. अंगठे फाकलेले, टाचा फुटलेल्या, वाळूत आणि फळीवर झिजलेले पाय. काहीतरी बोलला. किशोर म्हणाला, "तो विचारतोय, तुम्ही फिशरमन का? म्हणतोय, येऊ द्या यांना." मी अनवाणी चढलो. चाकापासून दोन हातांवर जागा मिळाली. सरांकडे बघितलं. ते हसत होते, पण बोट खाली होतं.

बंदरातून बाहेर पडेपर्यंत पाणमांजरं दिसली. उताणी पडून पाण्यावर झोपलेली, लांब शेवाळ अंगाभोवती गुंडाळून, वाहून जाऊ नये म्हणून. एकाने छातीवर दगड ठेवला होता आणि त्यावर शिंपला आपटून फोडत होतं. टक्, टक्, टक्. सर कठड्याला धरून पोरासारखे वाकले होते. "तांडेल, बघा, बघा! पोटाचं टेबल केलंय हो त्याने!" एवढा आनंदी माणूस मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. वैशाली फोटो काढत होती. तो फोटो आहे अजून. त्यात मी सरांकडे बघतोय, पाणमांजराकडे नाही.

बाहेर आल्यावर लाट वाढली. मोठी नव्हती, लांब होती, आमच्या श्रावणातल्यासारखी. तासाभराने कप्तानाने हात केला. लांबवर फवारा उडाला होता. सगळी माणसं त्या बाजूला धावली. किशोर, वैशाली, कॅमेरेवाला, सगळे.

सर उठले नाहीत. बाकाची कड धरून बसले होते. कपाळावर घाम, त्या थंड वाऱ्यात. डावा हात मांडीवर पडलेला, जसा दुसऱ्याचा. ओठ जांभळे. मी जवळ गेलो. गोळी जिभेखाली होती. दुसरी हातात होती.

"किती वेळ झाला?"

"पाणमांजरांपासून," ते म्हणाले. म्हणजे तासाच्या वर! तासभर हा माणूस दात आवळून बसला होता. "तांडेल, अर्ध्या तासात पोचतो आपण तिथे. नुसतं एकदा. शब्द दिलाय तुम्ही."

आता ऐका. आमच्यात एक नियम आहे. होडीवर माणूस पडला की होडी फिरते. जाळं पाण्यात असेल तर कापायचं. मासळी भरलेलं असलं तरी कापायचं. मी एकदा कापलंय, हंगामातलं सगळ्यात जड जाळं, एका खलाशाच्या पोटात दुखलं म्हणून. तो वाचला. होडीवर दिलेला-घेतलेला कोणताच शब्द या नियमावर चढत नाही. तांडेलाचा तर नाहीच. हे मी त्यांना सांगितलं नाही. वेळ नव्हता.

मी चाकाजवळ गेलो. मला इंग्रजी येत नाही. मी सरांकडे बोट केलं, माझ्या छातीवर मूठ ठेवली आणि हात डोक्यावर नेऊन गरकन फिरवला. फिरव. कप्तानाने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बोट तिथल्या तिथे वळली.

कॅमेरेवाला ओरडला. वैशाली धावत आली, "काय झालं? बाबा, काय केलंत?" आणि मग तिने अप्पांना पाहिलं. सर मागे बघत होते. मागे दुसरा फवारा उडाला असावा, कारण त्यांचे डोळे तिथे अडकले होते. मी त्यांना आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी मान फिरवून घेतली. माझं तोंड दिसू नये म्हणून.

धक्क्यावर अँब्युलन्स उभी होती. सर वाचले. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर नाही.

आणि मला काय मिळालं? दवाखान्याच्या पॅसेजमध्ये वैशाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं? तीन आठवडे? आणि तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत?" मी म्हटलं, शब्द दिला होता. "शब्द? माझे वडील आहेत ते!" त्या दिवसापासून तिने मला 'बाबा' म्हणणं सोडलं. नुसतं 'तुम्ही'. तुम्ही जेवलात का, तुम्ही फोन घ्या.

मी आत गेलो. सर खाटेवर, नाकात नळी. म्हटलं, कसं वाटतंय? बोट वर आलं. सलाईन लावलेल्या हाताचं.

"एक दुरुस्ती. तुम्ही तांडेल नाही. तुम्ही पोलीस."

मुलगी म्हणते आधी का नाही सांगितलंत, बाप म्हणतो सांगितलंत का! दोघांच्या मधोमध मी, आणि दोघांपैकी एकाला वाटलं नाही की या म्हाताऱ्याने काही केलं. त्या पॅसेजमधला माझा राग अजून गेलेला नाही. माणूस जिवंत ठेवल्याबद्दल मी कोणाचीही माफी मागितली नाही आणि मागणार नाही.

सर भारतात परतले, पुण्यात ऑपरेशन झालं, आणि चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. मी दोनदा फोन केला. विहीणबाई म्हणायच्या, "झोपलेत हो." मागे रेडिओ चालू असायचा.

दोन हजार सातला ते गेले. त्यांच्या शाळेत शोकसभा होती. किशोर म्हणाला, बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी गेलो. हर्णैहून तीन एसट्या बदलून गेलो. वैशाली अमेरिकेहून आली होती, पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. मी मागे.

एक एक विद्यार्थी उठून बोलत होता. मग पोलिसात असलेला एक उंच गडी उठला. म्हणाला, "शेवटच्या वर्षांत सर शाळेत येऊन आम्हाला, आमच्या पोरांना, एकच गोष्ट सांगायचे. अमेरिकेत पाहिलेला देवमासा. वारा पडला होता. काळा खडक वर यावा तसा तो आला. डोक्यावर शिंपले. श्वास भिजलेल्या सुकटीसारखा."

माझे कान तापले. सुकट? या माणसाने जन्मात सुकट हुंगली नव्हती!

"डोळा म्हशीसारखा शांत. आणि सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले."

माझ्या बापाची टोपी. माझ्या बापाचे हात. निमकर सर उभ्या आयुष्यात टोपी घालत नव्हते, आणि त्या शाळेतल्या एकालाही ते आठवलं नाही. चौतीस वर्षं वर्गात खोटं न बोललेला माणूस, आणि बोलला तो माझा देवमासा चोरून! चार वर्षं माझ्याशी बोलायला तोंड नव्हतं, आणि तोंडात सगळा मीच!

मी उठलो. मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. माझं बोट वर गेलं, कसं गेलं माहीत नाही.

"एक दुरुस्ती," मी म्हटलं.

सगळी सभा वळली. वैशालीही वळली. तिचा चेहरा पांढरा पडला. बोटीवर होतो ते आम्ही तिघेच त्या दालनात होतो, ती, किशोर आणि मी. तिला कळलं, मी काय बोलणार. विहीणबाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, त्यांना वाटत होतं मीही चांगलंच बोलणार.

"मी सरांचा व्याही. हर्णैचा तांडेल. त्या दिवशी मी बोटीवर त्यांच्या शेजारी होतो," मी म्हटलं. विहीणबाईंची मान अजून हलत होती. "देवमाशाने पापणी हलवली. ती डावी. सर ते सांगायचे विसरले असतील."

आणि बसलो.

सभा संपल्यावर मी बूट शोधत दाराशी वाकलो होतो. वैशाली आली. बाजूला उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, चार वर्षांनी, "तो हर्णैचा होता ना? तुमचा?"

मी बुटात पाय घातला.

"भलतंच काय," मी म्हटलं. "हर्णैला कसले आलेत देवमासे."