काळ्या गॉगलातून तपासलेला बेदाणा

अन्याय माझ्या आईवर झाला. मी एस. वाय.ची परीक्षा देऊन सांगलीहून घरी आले त्या एप्रिलात, दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी अकराच्या चहाच्या जरा आधी, तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये. "झालं गेलं सोड" म्हणणारे पुष्कळ भेटले, म्हणून वेळेसकट लिहून ठेवतेय.

आई तिथं बेदाणा निवडायची. हिरवा मणी एकीकडे, पिवळा दुसरीकडे, तांबूस-काळपट तिसरीकडे. दिवसभर तेच. दोन हंगामांपासून तिचे डोळे दुपारनंतर पाणी धरायचे आणि हिरव्यात तांबूस मणी राहून जायचे. डोळ्यांच्या डॉक्टरनं नंबर नाही म्हणून परत पाठवलं. मालक मात्र दोनदा बोलले होते, "पुढच्या वर्षी चांगल्या नजरेच्या बायका बघतो."

माझा मामा साताऱ्याचा, पलटणीत. पलटणीच्या क्रिकेट संघात खेळायचा. सुट्टीवर येताना त्यानं एक गॉगल आणला, तपकिरी-लालसर काचांचा. "ही काच नुसती सावली पाडत न्हाई," तो म्हणाला. "गवताचा हिरवा दाबती, चेंडूचा लाल वर काढती." मी ताटात मूठभर बेदाणा ओतला, गॉगल लावला आणि ओरडलेच. तांबूस मणी हिरव्यातून उडी मारून वर आले होते.

दुसऱ्या दिवशी आई तो लावून शेडवर बसली. मीही शेजारी निवडायला होते.

"आली बघा हिरवीन! शूटिंग कुठं हाय, आक्का?" समोरची एक बाई ओरडली.

"तुझ्या सासरच्या दारात," आई म्हणाली. "खाली बघ, मणी चाललाय."

पहिल्या दिवशी तिचं चुकलं, तेही सांगते. फिका पिवळा मणी त्या काचेतून हिरव्यात लपायचा. ते तिनं स्वतःच ओळखलं आणि पद्धत बसवली. गॉगल लावून तांबूस काढायचे, मग गॉगल कपाळावर सारून पिवळे. आठवडाभर तिच्या टोपलीत भेसळ सापडली नाही. डोळ्यांतलं पाणीही थांबलं.

मग तो शुक्रवार. मालक बुलेटवरून उतरले ते तसेच आत आले, डोळ्यांवर काळा गॉगल.

"काय आक्का, हितं काय समुद्र हाय व्हय?"

"आवं मालक, ह्यानं तांबूस मणी उठून दिसतोय."

"रंगीत काचंतनं रंग निवडणार? मग आंधळ्यालाच बसवतो की!"

ते वाकले, आईच्या हिरव्या ढिगातून मूठ भरली, डोळ्यांसमोर धरली. "हे बघा. समदा काळपट."

स्वतःचा काळा गॉगल डोळ्यांवर तसाच होता. सगळ्या शेडनं बघितलं. मी बोलले, "मालक, आधी तुमचा काढा की." पदराआड एक बाई खुदकन हसली. आमचं काम गेलं ते त्या हसण्यामुळं, असं मला आजही वाटतं. मालकांनी मूठ ढिगावर फेकली. "उद्यापासनं दोघीबी येऊ नका." गॉगल काढलाच नाही.

मी पत्रक लिहिलं. कॉलेजातल्या आमच्या संघटनेतला कार्यकर्ता ते वाचून हसला. "गॉगलवर पत्रक? लोक टिंगल करतील. मजुरीचं लिही." मजुरीचं मी कितीदा लिहिलं होतं! पण ज्या डोळ्यांवर ती मजुरी मिळते, त्यांचं लिहायला गेलं की तो फॅशनचा प्रश्न होतो. क्षेत्ररक्षकानं लावला तर खेळ, मालकानं लावला तर रुबाब, आणि माझ्या आईनं लावला तर थेर.

आईचा रागच यायचा मला. "जाऊ दे गं, डोळं थकलंच हुतं." थकले नव्हते! त्याच आठवड्यात थकले नव्हते, हेच तर मी ओरडून सांगतेय. ती आता दुसऱ्यांच्या रानात तण भांगलायला जाते. गॉगल कपड्यांच्या पेटीत, मामाच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला.

शेड तुमची असेल तर ऐका. आधी आपला गॉगल काढा. मग तिचा लावा, मूठभर बेदाणा उजेडात धरा आणि काय दिसतं ते सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं सांगा. आणि येत्या हंगामात माझ्या आईला निवडायला बोलवा. गॉगलसकट.