दहा जणांतलं नाव

तापल्या रबराचा वास आला की मला शहागडचं आमचं घर आठवतं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, आपाचं, कुराण तोंडपाठ झालं तो दिवस. अब्बा हायवेवर ट्रकचे पंक्चर काढायचे, संध्याकाळी पिऊन यायचे, आणि सकाळी अम्मीच्या हातावरचे वळ आम्ही दोघी बहिणी बघायचो. त्या दुपारी घरात जर्दा, केशरी गोड भात, शिजला होता, शेजारणी आपाला हार घालत होत्या. त्यांतली एक खाला म्हणाली, "आता ही हाफिजा झाली. कयामतच्या दिवशी घरातल्या दहा जणांना जहन्नमच्या आगीतून सोडवून नेईल." बायका हसत हसत आपापलं नाव पुढं करू लागल्या. अब्बा त्या दिवशी प्यायले नव्हते, तरी आत आले नाहीत. काळे हात मागं धरून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आपा जर्द्याची बशी घेऊन गेली तेव्हा हळूच म्हणाले, "बेटी, मेरा बी नाम लेगी ना?" आपानं वळून अम्मीच्या हाताकडं पाहिलं, बशी उंबऱ्यावर ठेवली आणि आत आली. त्याच हिवाळ्यात अब्बा वारले. आपा आता जाफराबादला सासरी असते, विसरू नये म्हणून रोज थोडं कुराण म्हणते. मागच्या आठवड्यात मी तिच्याशेजारी बसून ऐकत होते. जहन्नम हा शब्द आला आणि ती थांबली. मला वाटलं, पुढचं विसरली. पण ती डोळे मिटूनच पुटपुटली, "हाँ, अब्बा," आणि पुढं म्हणू लागली.