बाकावर ऐकलेली वाक्यं

नाटकमंडळीत तिला सगळे कुजबुजताई म्हणत. उभा जन्म तिनं विंगेतल्या स्टुलावर काढला. मांडीवर संहिता, कान रंगमंचावर. नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. सगळ्यात जास्त शब्द खाल्ले ते तिच्याच धाकट्या बहिणीनं. धाकटी देखणी, आवाज खणखणीत, पाठांतराच्या नावानं मात्र शंख. टाळ्या तिला, घशाला कोरड ताईच्या. तक्रार नव्हती. दोघी एकाच घरात राहत, भांडत आणि एकमेकींवाचून जेवत नसत.

मग वय ताईच्या डोळ्यांत शिरलं. कडेचं सगळं दिसे. नजर जिथं लावावी नेमका तिथंच धुरकट डाग. शब्दाचं पोट गायब, हातपाय तेवढे शिल्लक. मंडळीचे चिटणीस म्हणाले, "ताई, नवं नाटक आहे. दवाखान्यात वाचनाचा वेग तपासून या. पुरेसा भरला तर स्टूल तुमचंच."

ही तपासणी मोठ्यानं वाचून व्हायची. समोर वाक्यांचा तक्ता, खाली खाली बारीक होत जाणारा. तपासणाऱ्या बाईंच्या हातात स्टॉपवॉच. ताई गोगलगायीसारखी सरकली. "पुढच्या महिन्यात पुन्हा बघू, मावशी," बाई म्हणाल्या. बाहेर येऊन ती दाराशी बाकावर टेकली, तर आत एक आजोबा तीच वाक्यं वाचत होते. "माझ्या काकांनी विहिरीवर नवं झाकण बसवलं."

कानांवर जगलेली बाई ती. अधूनमधून जाऊन त्या बाकावर बसू लागली. वापरात तक्ते दोनच होते, दोन्ही तोंडपाठ झाले. भांडी विसळताना ती पुटपुटे. कुठं जरासं अडखळायचं, तेही ठरलेलं.

"ताई, तूच नटी झालीस की!" धाकटी हसली.

"तोंडाला कुलूप हं."

"माझ्या तोंडात काय राहतंय, अगं? संवादसुद्धा राहत नाहीत."

तपासणीला धाकटी सोबत आली. ताई खुर्चीत ताठ बसली, काकांची विहीर जिभेच्या टोकावर. बाई तक्ता लावणार, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. "बाई, हे दोन नकोत. तिनं पाठ केलेत. दुसरा असेल तर काढा."

विंगेतून शब्द आला होता. जन्मात पहिल्यांदा धाकटीनं दिलेला.

बाईंनी कपाटातून वेगळा तक्ता काढला. वरची मोठी ओळ ताईनं कशीबशी ओढली. दुसरीत एक शब्द चाचपडत राहिली. डागाच्या आसपास मान वळवत, आंधळ्या कोशिंबिरीत भिडू शोधावा तशी. स्टॉपवॉच टिकटिकत होतं. "पुरे, मावशी," बाई हळू म्हणाल्या.

रस्त्यात धाकटीच बोलली. "मुख्य भूमिका माझी आहे, ताई. मी अडले आणि तू डागाशी झटत बसलीस, तर भरल्या थिएटरात शोभा कुणाची?"

"घरी सांगायचंस. मीच नाही म्हटलं असतं चिटणिसांना."

"म्हटलं असतंस?"

नसतं म्हटलं. ते दोघींनाही माहीत होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. "तुझ्या विसरण्यावर मी इतकी वर्षं पांघरूण घातलं," ताई म्हणाली. "तुला एक दिवस जमलं नाही." पुढं घर येईपर्यंत तिनं धाकटीचा हात धरला नाही, पायऱ्या पायानंच चाचपल्या.

स्टूल दुसऱ्या कुणाला मिळालं. धाकटी घरात येरझारा घालत संवाद घोकू लागली. स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालता घालता ताईला अख्खं नाटक पाठ झालं, न वाचता.

एका दुपारी बाहेरच्या खोलीतून संवाद आला, "दार मी उघडलं नाही, कारण..." पावलं थांबली. "कारण..."

ताईचे ओठ आपोआप विलग झाले. शब्द दातांपाशी आला होता. तिनं तो गिळला आणि टॉवेलची घडी पुन्हा मोडून नीट घातली.

"ताई?" धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"संहिता टेबलावर आहे," ताई म्हणाली. "डोळे चांगले आहेत तुझे. वाच."